भूव्याप्ती, सामासिक अंतर आणि सामाईक भिंत : घरबांधणीच्या नियमांचे एक विवेचन

सारांश

घर बांधताना भूखंडाचा किती भाग व्यापावा आणि किती मोकळा सोडावा, याचे नियम आकड्यांत सांगितलेले असतात. मात्र दोन घरे एकमेकांना लागून असतात तेव्हा त्यांच्यामधील भिंत कोणाची, तिची दुरुस्ती कोणी करावयाची आणि एक घर पाडताना दुसऱ्याचे रक्षण कसे करावयाचे, याविषयी तेवढी स्पष्टता आढळत नाही. प्रस्तुत लेखात भूव्याप्ती, सामासिक अंतर व सामाईक भिंत या तीन संकल्पनांचा परस्परसंबंध उदाहरणांसह स्पष्ट केला आहे. महाराष्ट्रातील गावठाणे, जुन्या पेठा व नव्या रो हाऊस वसाहती यांच्या संदर्भात काही उपाय सुचविले आहेत.

बीजशब्द : भूव्याप्ती, सामासिक अंतर, सामाईक भिंत, सुविधाधिकार, गावठाण, रो हाऊस.

१. प्रस्तावना

तालुक्याच्या कोणत्याही जुन्या गावी मुख्य पेठेतून चालत गेल्यास एक दृश्य हमखास दिसते. रांगेतील एक जुने घर पाडलेले असते. शेजारच्या घराची आजवर झाकलेली भिंत उघडी पडलेली असते. तिच्यावर पाडलेल्या घरातील कोनाडे, तुळयांची भोके, चुलीच्या धुराचे काळे पट्टे दिसतात. त्या बाजूला गिलावा कधी झालेलाच नसतो, कारण ती बाजू कधी उघड्यावर येईल असे कोणास वाटले नव्हते. पावसाळा तोंडावर आला की शेजारी त्या भिंतीवर ताडपत्री बांधतो आणि घर पाडणाऱ्याकडे जाऊन भिंतीचे काय करणार, असे विचारतो. घर पाडणाऱ्याकडे नगरपरिषदेचा मंजूर नकाशा असतो. त्या नकाशात समोरचे अंतर, मागचे अंतर, मजल्यांची उंची, जिन्याची रुंदी हे सर्व असते. शेजाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात नसते.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न होय. आपल्यापैकी अनेक प्राध्यापक बंधू-भगिनी गृहकर्ज घेऊन रो हाऊस किंवा जुळ्या बंगल्यात राहतात. अनेकांची वडिलोपार्जित घरे गावठाणात आहेत. घराचे क्षेत्रफळ व किंमत आपणांस ठाऊक असते. ज्या भिंतीवर आपला स्लॅब टेकला आहे ती नेमकी कोणाची, हे मात्र बहुधा ठाऊक नसते. हा विषय स्थापत्यशास्त्रापुरता मर्यादित नाही. त्यात इतिहास, कायदा, भूगोल, अर्थशास्त्र आणि शेजारधर्म यांचा संबंध येतो. म्हणून बहुविद्याशाखीय दृष्टीने त्याचा विचार करणे उचित ठरेल.

लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) भूव्याप्ती व सामासिक अंतर या संकल्पना स्पष्ट करणे, (२) त्यांचा सामाईक भिंतीशी असलेला संबंध उदाहरणाने दाखविणे, (३) सामाईक भिंतीची तांत्रिक व कायदेशीर स्थिती विशद करणे, (४) व्यवहार्य उपाय सुचविणे. विवेचन अधिनियम, संहिता व ऐतिहासिक साधने यांवर आधारलेले असून त्याचे स्वरूप स्पष्टीकरणात्मक आहे.

२. मूलभूत संज्ञा

भूव्याप्ती म्हणजे इमारतीने जोत्यालगत वर व्यापलेले जमिनीचे क्षेत्र. भूखंडाच्या एकूण क्षेत्राशी त्याचे प्रमाण टक्क्यांत सांगतात. बाग, उघडी विहीर, कुंपणाची भिंत इत्यादी बाबी त्यात धरल्या जात नाहीत. चटई क्षेत्र निर्देशांक ही यापासून भिन्न संकल्पना आहे. तो सर्व मजल्यांच्या मिळून होणाऱ्या बांधकामाचे भूखंडाशी प्रमाण सांगतो. भूव्याप्तीवरून इमारत किती पसरली आहे ते कळते आणि निर्देशांकावरून एकूण बांधकाम किती झाले ते कळते.

सामासिक अंतर म्हणजे भूखंडाची हद्द व इमारत यांमध्ये सोडावयाची मोकळी जागा. ती पुढे, मागे व दोन्ही बाजूंना असते. बाजूच्या अंतरावरून घरांचे तीन प्रकार पडतात. चारही बाजूंना मोकळी जागा असलेले ते सुटे घर. तीन बाजूंना मोकळी जागा व एका बाजूस शेजारचे घर असलेले ते जोडघर, म्हणजे व्यवहारातील ट्विन बंगला. केवळ पुढे व मागे मोकळी जागा असलेली घरे म्हणजे रांगेतील घरे अर्थात रो हाऊस. रांगेच्या टोकाच्या घरांना मात्र एका बाजूसही जागा सोडावी लागते. राज्यातील बहुतांश नियोजन प्राधिकरणांना लागू असलेल्या, डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही घरांचे असेच प्रकार मानले आहेत. बृहन्मुंबई महानगरपालिकेचे क्षेत्र व अन्य काही क्षेत्रे तिच्या कक्षेबाहेर आहेत.

सामाईक भिंत म्हणजे दोन घरांना विभागणारी आणि दोघांच्याही उपयोगाची भिंत. जुन्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहिताना ‘पूर्वेस अमुक यांचे घर, मध्ये सामाईक भिंत’ अशा स्वरूपाचा उल्लेख आढळतो.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

शेजाऱ्याच्या घरापासून किती अंतर असावे हा प्रश्न प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तिसऱ्या अधिकरणात घरांविषयीच्या वादांचे स्वतंत्र विवेचन आहे. दोन घरांमध्ये ठरावीक अंतर राखावे, छपरांच्या वळचणींत चार अंगुळांचे अंतर असावे किंवा एक वळचण दुसरीवर यावी, असे तेथे सांगितले आहे. त्या काळीही नियमकर्त्यापुढे दोन्ही शक्यता होत्या, अंतर राखून बांधलेली घरे आणि एकमेकांना भिडलेली घरे.

आधुनिक इमारत नियमांचा उगम मात्र आग व रोगराई या दोन आपत्तींत आहे. १६६६ च्या आगीत लंडन शहराचा मोठा भाग जळाला. १६६७ च्या पुनर्बांधणी कायद्याने घरांचे चार वर्ग ठरविले, बाह्य बांधकाम विटांचे वा दगडांचे असावे असे बंधन घातले आणि घराच्या वर्गानुसार भिंतींची जाडी निश्चित केली. दोन घरांमधील भिंत येथे आगीला अडविणारा बांध म्हणून कायद्यात आली. १७७४ च्या कायद्याने हे नियम अधिक कडक केले.

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली आणि दाट वस्तीतील अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे राज्यकर्त्यांचे लक्ष वेधले गेले. १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. न्यासाच्या कारकिर्दीत साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाशकोन हे तत्त्व पुढे आले. इमारतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत काढलेली रेषा जमिनीशी याहून मोठा कोन करू नये, असा त्याचा आशय होता. साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचे स्पर्शगुणोत्तर सुमारे दोन येते. म्हणजे इमारतीच्या उंचीच्या निम्मे तरी अंतर मोकळे हवे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. पुढे १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने व १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने या विचारास व्यापक चौकट दिली.

या इतिहासातून असे दिसून येते की, लंडनच्या आगीने भिंतीचा नियम दिला आणि मुंबईच्या प्लेगने मोकळ्या जागेचा नियम दिला. आपल्याकडील नियमांची घडण मुख्यतः दुसऱ्या अनुभवातून झाली. त्यामुळे मोकळ्या जागेचे माप आपल्याकडे बारकाईने सांगितले जाते, तर भिंतीचा विचार काहीसा मागे राहिला, असे अनुमान करता येते.

४. भूव्याप्तीचे गणित

सामासिक अंतरांचा भूव्याप्तीवर होणारा परिणाम एका उदाहरणाने समजून घेता येईल. त्यासाठी राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतील अंतरे घेतली आहेत. ही संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. ती मार्गदर्शक स्वरूपाची असून प्रत्यक्ष बंधनकारक आकडे स्थानिक नियमावलीत असतात. दहा मीटरपर्यंत उंचीच्या इमारतींसाठी संहितेनुसार ७.५ ते १८ मीटर रुंदीच्या रस्त्यावर पुढे ३ मीटर, मागे सरासरी ३ मीटर, सुट्या घरास दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३ मीटर व जोडघरास एका बाजूस ३ मीटर जागा अपेक्षित आहे. रांगेतील घरांना बाजूची जागा आवश्यक नाही. भूखंडाची रुंदी १२ मीटरपेक्षा कमी आणि घराची उंची ७ मीटरपर्यंत असल्यास सुट्या घराच्या एका बाजूचे अंतर १.५ मीटरपर्यंत कमी करता येते.

आता ९ मीटर रस्त्यावरील १० मीटर रुंद व १५ मीटर खोल, म्हणजे १५० चौरस मीटरचा भूखंड घेऊ. पुढची व मागची जागा सोडल्यावर बांधकामाची खोली सर्व प्रकारांत ९ मीटर उरते.

(अ) सुटे घर, दोन्ही बाजूंना ३ मीटर : ४ × ९ = ३६ चौ. मी.; भूव्याप्ती २४ टक्के.
(आ) सुटे घर, एका बाजूस सवलत : ५.५ × ९ = ४९.५ चौ. मी.; भूव्याप्ती ३३ टक्के.
(इ) जोडघर : ७ × ९ = ६३ चौ. मी.; भूव्याप्ती ४२ टक्के.
(ई) रांगेतील घर : १० × ९ = ९० चौ. मी.; भूव्याप्ती ६० टक्के.

भूखंड तोच, रस्ता तोच. तरीही केवळ बाजूच्या भिंतीची स्थिती बदलल्याने भूव्याप्ती २४ वरून ६० टक्क्यांवर गेली. नियमावलीत भूव्याप्तीची स्वतंत्र मर्यादा असो वा नसो, लहान भूखंडावर ती प्रत्यक्षात सामासिक अंतरांनीच ठरते.

चटई क्षेत्र निर्देशांक १.१ धरल्यास या भूखंडावर १६५ चौ. मी. बांधकाम अनुज्ञेय होईल. रांगेतील घरात ते दोन मजल्यांत बसते. ३६ चौ. मी. भूव्याप्तीच्या सुट्या घरात त्यासाठी पाच मजले लागतील. तेवढी उंची झाली की सामासिक अंतरही वाढते आणि घर आणखी अरुंद होते. म्हणजेच लहान भूखंडावर सुट्या घराचा निर्देशांक कागदावरच राहतो.

गावठाणातील भूखंड तर याहूनही अरुंद असतात. ५ मीटर रुंद व २० मीटर खोल भूखंडावर, वरील सवलत धरूनही, सुट्या घरासाठी रुंदी उरते अवघी अर्धा मीटर. बाजूस ३ मीटर सोडल्यास जोडघरासाठी २ मीटर उरते. रांगेतील घर मात्र तेथे सहज शक्य असते आणि त्याची भूव्याप्ती ७० टक्के येते. यावरून सामाईक भिंत ही गरिबांच्या किंवा मागासलेल्या वस्तीची खूण आहे हा समज चुकीचा असल्याचे लक्षात येते. अरुंद भूखंडावर घर उभे राहण्याची ती अटच आहे.

तथापि ही सोय प्रकाशाच्या मोबदल्यात मिळते. खिडकीपासून ७.५ मीटरपेक्षा दूर असलेला खोलीचा भाग प्रकाशित मानू नये, असे संहितेचे तत्त्व आहे. १४ मीटर खोल घरात पुढची व मागची खोली उजेडात राहते. मधली खोली मात्र दोन्ही बाजूंनी बंद भिंतींत सापडते. वाडा बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांनी यावर चौकाचा उपाय योजला होता. बाजूच्या भिंती बंद, प्रकाश व वारा मात्र वरून, चौकातून. आजच्या अनेक रो हाऊसमध्ये मधली जागा जिन्याने व स्नानगृहाने भरून काढली जाते. चौक सोडणे म्हणजे क्षेत्र वाया घालविणे, अशी समजूत त्यामागे असते.

५. ‘शून्य’ अंतराचे तीन अर्थ

नियमावलीत बाजूचे अंतर शून्य दर्शविले की नकाशावर एक रेषा उरते. प्रत्यक्षात त्या रेषेवर तीन भिन्न परिस्थिती संभवतात.

पहिली : हद्दीच्या मध्यावर एकच भिंत असून ती दोघांची आहे. बांधकाम व्यावसायिकाने एकाच वेळी उभारलेल्या रो हाऊसमध्ये पुष्कळदा असे असते. दुसरी : भिंत सर्वस्वी एकाच्या जागेत आहे, परंतु शेजाऱ्याच्या तुळया किंवा स्लॅब तिच्यावर टेकले आहेत. जुन्या गावठाणात असे आढळते. तिसरी : दोन स्वतंत्र भिंती पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. रस्त्यावरून तिन्ही सारख्याच दिसतात. दुरुस्ती, पाडकाम, वाढीव मजला या प्रत्येक बाबतीत मात्र तिन्हींचे परिणाम वेगळे होतात.

भूकंपाच्या दृष्टीने तिसऱ्या प्रकारातही काळजी आवश्यक असते. दोन इमारती वेगवेगळ्या लयीत हलतात व एकमेकींवर आदळतात. म्हणून १९९३ च्या भारतीय मानक ४३२६ मध्ये लगतच्या दोन बांधकामांत प्रत्येक मजल्यामागे काही अंतर राखण्यास सांगितले आहे. भारवाहक भिंतींच्या बांधकामासाठी ते १५ मिलिमीटर व आर.सी.सी. चौकटीसाठी २० मिलिमीटर असून एकूण अंतर २५ मिलिमीटरपेक्षा कमी नसावे, असे त्यात म्हटले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या महाराष्ट्रास याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. याचा अर्थ असा की, नगररचनेच्या नकाशावरील शून्य हे संरचनाशास्त्राच्या दृष्टीने शून्य असतेच असे नाही.

६. सामाईक भिंत काय कार्य करते?

सामाईक भिंत एकाच वेळी चार कामे करते. ती दोन्ही घरांचा भार पेलते. आग व आवाज अडविते. पाऊस व ओल यांपासून संरक्षण देते. आणि दोन मालमत्तांची हद्द दाखविते.

भार पेलण्याचे काम समजून घेणे विशेष आवश्यक आहे. भिंतीवर दोन्ही बाजूंनी तुळया टेकलेल्या असतात, तेव्हा दोन्हीकडील भार साधारणतः एकमेकांस तोलून धरतात. एका बाजूचे घर काढले की भार एकांगी होतो. मातीत रचलेली जुनी भिंत दोन्हीकडच्या पाटण्यांनी जागच्या जागी धरलेली असते. एका बाजूचा आधार गेला की ती त्या बाजूस फुगू लागते. त्यात तुळया उपसल्याने पडलेली भोके, न झालेला गिलावा आणि पावसाचे पाणी यांची भर पडते. नव्या इमारतीच्या पायासाठी भिंतीलगत खोल खोदाई झाली तर जुन्या पायाखालील मातीच सुटते. पाडकाम उन्हाळ्यात, खोदाई मे महिन्यात आणि भिंत कोसळते ती आषाढात, हा क्रम म्हणूनच अनपेक्षित नसतो.

आगीच्या संदर्भात भिंत छपरापर्यंत सलग असणे महत्त्वाचे असते. कौलारू घरांत पुष्कळदा भिंत आढ्यापर्यंत नेलेली नसते व दोन घरांचे माळे वरून एकमेकांस मिळालेले असतात. अशा वेळी खाली भिंत असूनही वरून आग पसरते.

७. कायदेशीर स्थिती

‘सामाईक भिंत’ या शब्दाचा कायद्यात एकच अर्थ नाही. १८८० च्या वॉटसन विरुद्ध ग्रे या इंग्लिश खटल्यात न्यायाधीश फ्राय यांनी त्याचे चार अर्थ सांगितले : दोघांची अविभक्त सहमालकी असलेली भिंत, उभी दुभंगून प्रत्येकाची अर्धी मानलेली भिंत, एकाच्या मालकीची, परंतु दुसऱ्याच्या हक्काने बांधलेली भिंत, आणि दुभंगलेली, तथापि प्रत्येक अर्धावर दुसऱ्याचा आधाराचा हक्क असलेली भिंत. आपल्या घराची भिंत यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे खरेदीखत, वाटणीपत्र व प्रत्यक्ष वहिवाट यांवरून ठरते.

भारतात या विषयाचा मुख्य आधार १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम हा होय. १८९१ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यास लागू झाला. त्यातील तीन तरतुदी येथे महत्त्वाच्या आहेत. कलम ७ नुसार जमिनीला तिच्या नैसर्गिक स्थितीत शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क जमिनीचा आहे, तिच्यावर उभ्या केलेल्या इमारतीच्या वाढीव भाराचा नाही. इमारतीस असा आधार, त्याचप्रमाणे प्रकाश व हवा, कलम १५ नुसार वीस वर्षांच्या शांततापूर्ण व अखंड उपभोगाने हक्क म्हणून प्राप्त होऊ शकतात. कलम १३ नुसार एकाच मालकाची मालमत्ता विभागली गेली असता आवश्यक ते सुविधाधिकार विभागणीबरोबरच निर्माण होतात. लगतच्या दोन इमारतींपैकी एक विकली असता दोघांनाही परस्परांच्या इमारतीचा आधार मिळण्याचा हक्क राहतो, असे उदाहरण अधिनियमातच दिले आहे. भावाभावांत वाटणी होऊन मध्ये भिंत आलेल्या घरांना व एकाच विकासकाने विकलेल्या रो हाऊसना ही तरतूद विशेष लागू पडते.

मात्र या हक्काला मर्यादा आहे. कलम २७ नुसार ज्याच्या मालमत्तेवर हक्क आहे, त्याने हक्कदाराच्या लाभासाठी स्वतः काही करणे बंधनकारक नाही. म्हणजे शेजारी आपला आधार हेतुपुरस्सर काढून घेऊ शकत नाही. परंतु आपली भिंत त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावी, असे सरसकट म्हणता येत नाही. सहमालकीच्या भिंतीबाबत एका मालकाने परस्पर भिंत उंच करणेही वादग्रस्त ठरते. कनकय्या विरुद्ध नरसिंहुलू या एकोणिसाव्या शतकातील खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने असे वाढीव बांधकाम काढून टाकण्याचा शेजाऱ्याचा हक्क मान्य केला होता.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नगरपरिषदेने वा महानगरपालिकेने दिलेली बांधकाम परवानगी मालकीचा निर्णय करीत नाही. नकाशा मंजूर आहे म्हणून भिंत पाडण्याचा हक्क मिळाला, असे होत नाही. मालकीचा व सुविधाधिकाराचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. महानगरपालिका क्षेत्रात पडण्याच्या बेतात आलेल्या बांधकामाबाबत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्तांना कारवाई करता येते. तथापि ही कारवाई धोका निर्माण झाल्यानंतरची आहे. धोका निर्माण होऊ नये म्हणून पाडकामापूर्वी दोन शेजाऱ्यांना एकत्र आणणारी कार्यपद्धती आपल्याकडे नाही.

गावठाणात अभिलेखांचीही अडचण असते. ज्या गावांत नगर भूमापन झालेले नाही, तेथे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरच व्यवहार चालत आला. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांचे मोजमाप होऊन मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु आकाशातून छप्पर दिसते, छपराखालील भिंतीची मालकी दिसत नाही. यासाठीच उड्डाणापूर्वी चुन्याने हद्दी आखून घेतल्या जातात. लगतच्या घरांच्या बाबतीत चुन्याची ती रेषा भिंतीच्या कोणत्या कडेने किंवा मध्यातून जाते, यावर पुढील अनेक वर्षांचे संबंध अवलंबून राहतील.

८. इंग्लंडमधील कार्यपद्धती

इंग्लंड व वेल्समध्ये १९९६ चा सामाईक भिंतविषयक कायदा १ जुलै १९९७ पासून अमलात आला. त्यापूर्वी अशा तरतुदी लंडनपुरत्या होत्या. या कायद्यानुसार सामाईक भिंतीचे काम करण्यापूर्वी दोन महिने शेजाऱ्यास लेखी सूचना द्यावी लागते. शेजारच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत तिच्या पायापेक्षा खोल खोदाई करावयाची असल्यास एक महिन्याची सूचना लागते. शेजाऱ्याने चौदा दिवसांत संमती न दिल्यास वाद उद्भवला असे मानून तज्ज्ञ सर्वेक्षकांची नेमणूक होते. ते कामाची पद्धत, वेळ व खर्चाची वाटणी ठरवून लेखी निवाडा देतात.

या पद्धतीचे जसेच्या तसे अनुकरण करावे असे नाही. आपल्याकडे तज्ज्ञांचे शुल्क सर्वांना परवडेलच असे नाही. तिच्यामागील तत्त्व मात्र घेण्यासारखे आहे. हे तत्त्व मालकीचा प्रश्न न्यायालयाकडेच ठेवते. काम सुरक्षित कसे होईल एवढेच, तेही काम सुरू होण्यापूर्वी, ठरविते.

९. काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील.

(१) बाजूचे अंतर शून्य असलेल्या प्रत्येक नकाशावर भिंतीचा प्रकार, म्हणजे सामाईक, शेजाऱ्याची वा स्वतंत्र, स्पष्ट नमूद करणे आवश्यक करावे.

(२) लगतचे घर पाडण्यापूर्वी शेजाऱ्यास लेखी सूचना व दोघांच्या उपस्थितीत संयुक्त पाहणी व्हावी. भेगा, ओल व तुळयांचे आधार यांची छायाचित्रे काढून त्यावर दोघांनी स्वाक्षऱ्या कराव्यात. एवढ्यानेच पुष्कळसे वाद टळू शकतील.

(३) पाडकामानंतर उघड्या पडणाऱ्या भिंतीस तात्पुरता टेकू व गिलावा देणे ही परवानगीची अट असावी आणि पावसाळ्याच्या तोंडावर सामाईक भिंतीलगत खोदाई करू नये.

(४) लहान भूखंडांवरील परवानगीची प्रक्रिया अलीकडे सुलभ करण्यात आली आहे. ती योग्यच आहे. परंतु लहान भूखंडांवरच सामाईक भिंतींचे प्रमाण अधिक असल्याने अशा प्रकरणी संरचना अभियंत्याच्या प्रमाणपत्रात शेजारच्या बांधकामाच्या सुरक्षिततेचाही उल्लेख असावा.

(५) रो हाऊसच्या खरेदीखतात सामाईक भिंतीची मालकी, दुरुस्तीचा खर्च व वाढीव मजल्याचा हक्क यांविषयी स्वतंत्र कलम असावे. ग्राहकाने सही करण्यापूर्वी ते वाचावे.

(६) महाविद्यालयांनी या कामी हातभार लावावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थी गावठाणातील धोकादायक सामाईक भिंतींची नोंद करू शकतील. भूगोल विभागास नकाशे करता येतील, वाणिज्य व विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना खरेदीखतांचा अभ्यास करता येईल.

१०. समारोप

भूव्याप्ती व सामाईक भिंत हे दोन वेगळे विषय मानले जातात. प्रत्यक्षात ती एकाच व्यवहाराची दोन अंगे आहेत. बाजूची मोकळी जागा सोडून दिली की भूव्याप्ती वाढते, घर परवडते, अरुंद भूखंडाचाही उपयोग होतो. त्याच वेळी मोकळ्या जागेने करावयाचे सुरक्षिततेचे काम भिंतीवर येऊन पडते. नियमावली अंतर मोजते आणि ते शून्यावर आले की थांबते. शेजाऱ्यांमधील संबंध मात्र तेथूनच सुरू होतो. शहरे दाट होत जाणार आणि गावठाणातील जुनी घरे एकामागून एक पाडली जाणार, हे उघड आहे. अशा वेळी किती जागा सोडली यासोबत जी भिंत ठेवली तिची जबाबदारी कोणाची, हेही नकाशावर लिहिले गेले पाहिजे. तसे झाल्यास लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या शेजाऱ्याला आपल्या प्रश्नाचे उत्तर पावसाळ्यापूर्वीच मिळू शकेल.